खाचरातले चार तंबू : पावसातल्या एका मुक्कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जूनचा पहिला शनिवार. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी एका पाड्यावर आम्ही अकरा जण काजवे बघायला गेलो होतो. नऊ मोठी माणसं, एक सहा वर्षांची मुलगी, एक नऊ वर्षांचा मुलगा. तीन गाड्या, चार तंबू, दोन रात्रींचा बेत. कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही, पाड्याचंही नाही. लिहून झाल्यावर गटातल्या सगळ्यांनी हे वाचलं. दोघांना त्यातला काही भाग पटला नाही, तो मतभेदही खाली नोंदवला आहे.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. कळसूबाईच्या पायथ्यापासून रतनवाडी-घाटघरपर्यंतच्या पट्टीत वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शेती भाताची, उतारावर पायऱ्यांसारखी रचलेल्या खाचरांतली. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सादडा, बेहडा, हिरडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे लागतात. पावसानं जोर धरला की ते संपतात. यातली गोम आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. काजव्यांचे दिवस आणि विजांसकट कोसळणाऱ्या वळवाचे दिवस हे एकच दिवस आहेत. मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे अजून आठवडा हातात आहे, असा हिशेब करून आम्ही निघालो. वळीव हा हिशेब पाळत नाही.

तंबू चार प्रकारचे होते आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत त्यांचा संबंध येतो, म्हणून क्रमानं सांगतो.

पहिला नवाकोरा आणि महागडा, दुहेरी. आत जाळीचा तंबू, वर वेगळं पावसाळी आवरण. पिशवीवर आवरणाला २००० आणि तळाला ३००० मिलिमीटर असा जलरोधकतेचा आकडा छापलेला. त्यात नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. दुसरा स्वस्तातला, एकेरी कापडाचा, त्यात कॉलेजची तीन मुलं. तिसरा दहा-बारा वर्षं जुना. चांगल्या बनावटीचा, पण आवरणाच्या आतला लेप हाताला चिकट लागत होता आणि शिवणींवरच्या पट्ट्या जागोजागी सुटल्या होत्या. त्यात एक जोडपं आणि त्यांचा मुलगा. चौथा मध्यम किमतीचा, दुहेरी. त्यात गटप्रमुख आणि मी.

निघण्यापूर्वी कुणीतरी विचारलंच होतं, पाऊस आला तर? सगळ्यांच्या नजरा पहिल्या तंबूच्या पिशवीकडे गेल्या. त्याची काळजी नव्हती. काळजी तिसऱ्याची होती.

जागा निवडली तेव्हा

दुपारी चारच्या सुमारास पोचलो. तंबूसाठी तीन जागा समोर होत्या.

पहिली, यजमानांच्या घराच्या खालच्या अंगाला असलेलं सुमारे चार गुंठ्यांचं भातखाचर. टेबलासारखं सपाट, दगड नाहीत, जमीन भुसभुशीत, खुंटी अंगठ्यानं दाबली तरी आत जाईल. काजव्यांची झाडं पन्नास पावलांवर. मागच्या शनिवारी तिथेच दुसऱ्या एका गटाचे तंबू होते, त्यांच्या चौकोनी खुणा गवतावर दिसत होत्या.

दुसरी, घराच्या वरच्या बाजूचं जुनं खळं आणि त्याच्या भोवतीचा मुरमाड माळ. कडक, किंचित उताराचा, उघडा, वाऱ्याच्या तोंडी. खुंटी दगडानं ठोकावी तर वाकायची.

तिसरी, घराची पडवी. तंबू घेऊन पडवीत झोपायचं तर आलो कशाला, या एका वाक्यात ती निकालात निघाली.

आम्ही खाचर निवडलं. आमचे यजमान, दादा, तिथे उभे होते. त्यांनी विचारलं, "इथंच लावणार का?" आम्ही उत्साहानं हो म्हणालो. ते थोडा वेळ थांबले, आभाळाकडे बघितलं आणि चहाचं विचारायला गेले.

नंतर बोलताना ते म्हणाले, "पाव्हण्यांना नको कसं म्हनायचं? मागचे बी तिथंच झोपले व्हते." पैसे देऊन आलेला शहरी पाहुणा सल्ला मागत नसेल तर यजमान तो देत नाही. आम्ही काही विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. या प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला आणि मला वाटतं, बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटातून निघाले.

खाचराबद्दल एक साधी गोष्ट आम्हाला सुचायला हवी होती. भाताला पाणी साचवून ठेवावं लागतं. म्हणून जमीन सपाट केलेली असते, चारी बाजूंनी बांध घातलेला असतो, आणि दरवर्षी चिखलणी करून मातीचा वरचा थर इतका मळला जातो की त्याच्याखाली एक घट्ट पापुद्रा तयार होतो. पाणी खाली मुरू नये हीच त्यामागची योजना असते. वरची माती उन्हाळ्यात भेगाळून भुसभुशीत दिसते, पण वीतभर खाली तळ बांधलेला असतो. आम्ही तंबू लावले ते एका उथळ तळ्यात, ते कोरडं असताना.

अडचण कशी उभी राहिली

साडेसात ते साडेआठ काजवे बघितले. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि डोळ्यांनीच बघायचा आहे. जेवणं झाली. सव्वानऊला पूर्वेकडे, डोंगरामागे आभाळ लखलखायला लागलं. कॉलेजच्या एका मुलानं वीज आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजले, बारा आले. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरवर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे विजांची सूचना देणारं ॲप आमच्यातल्या दोघांच्या फोनवर होतं. फोनला रेंज नव्हती.

पावणेदहाला पाऊस आला. वळवासारखाच, आधी वारा, मग मोजता येतील असे टपोरे थेंब, मग एकदम धारा. सगळे तंबूंत शिरले आणि चेना लावल्या.

पहिली हाक आली ती महागड्या तंबूतून. साडेदहाच्या आसपास. "खालून पाणी येतंय!" आवरण शाबूत होतं, शिवणी शाबूत होत्या, वरून एक थेंब नव्हता. त्यांनी तळाला जपायला म्हणून तंबूखाली एक प्लास्टिकची ताडपत्री अंथरली होती आणि ती चारी बाजूंनी वीतभर बाहेर आलेली होती. आवरणावरून ओघळणारं सगळं पाणी त्या बाहेर आलेल्या कडेवर पडत होतं आणि तिथून सरळ तंबूखाली जात होतं. ताडपत्री आणि तळ यांच्यामध्ये पाण्याचं पोतं तयार झालं. त्यावर माणसं गुडघ्यांवर, कोपरांवर रेलली की त्या बिंदूवर दाब वाढतो आणि कापड झिरपतं. ३००० मिलिमीटर म्हणजे तीन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण मोठ्या माणसाच्या गुडघ्याखाली त्याहून जास्त दाब सहज पडतो.

दुसऱ्या तंबूतली मुलं म्हणत होती की छत गळतंय. त्यांनी वाऱ्याच्या भीतीनं सगळ्या खिडक्या, वरची झडपसुद्धा, गच्च बंद केली होती. तीन माणसं, तीन ओली जर्किनं, तीन जोड्या ओले बूट, एकेरी कापड. छताला हात लावला की टपटप थेंब.

तिसऱ्यात, ज्याच्याकडून अपेक्षा होती तिथूनच, शिवणींमधून रांगेत थेंब पडत होते. पण त्या जोडप्याला आपला तंबू माहीत होता. त्यांनी दुपारीच आवरणावर घरून आणलेलं मेणकापड टाकून दोऱ्या ताणल्या होत्या. वरून येणारं पाणी त्यांनी बऱ्यापैकी अडवलं. एवढा जुना तंबू तोवर सर्वांत कोरडा होता!

चौथ्यात आम्ही दोघं पालथे पडून तळावर हात फिरवत होतो. जमीन हलत होती. पाण्याच्या गादीवर झोपल्यासारखं वाटत होतं. बाहेर बॅटरी मारली तर खाचरात घोटाभर पाणी, आणि वरच्या खाचराच्या बांधावरून आणखी पाणी आमच्यात उतरत होतं.

बाहेर विसरलेलं एक उभट पातेलं सकाळी बघितलं, त्यात चार बोटं पाणी होतं. सात सेंटिमीटर धरू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चार गुंठे म्हणजे साधारण चारशे चौरस मीटर. चारशे गुणिले सत्तर, अठ्ठावीस हजार लिटर. पाच हजार लिटरचे साडेपाच टँकर, नुसते आमच्या खाचरावर पडलेले. वरच्या तीन खाचरांतून उतरलेलं पाणी वेगळं. याला कुठलं कापड पुरणार?

पर्याय

अकराच्या सुमारास पावसातच, ओरडून ओरडून चर्चा झाली. पुढे आलेले पर्याय असे होते.

तंबूंभोवती चर खणायचा. लहानपणी शिबिरांत सगळ्यांनी हे केलेलं असतं, म्हणून पहिल्यांदा तेच सुचतं. कॉलेजच्या मुलांनी विचारण्याची वाट न पाहता स्टीलच्या ताटल्यांनी सुरुवातही केली. पाच मिनिटांत चर भरला. चराला पाणी कुठेतरी न्यावं लागतं. उतारच नसेल तर चर म्हणजे आणखी एक लांबट डबकं. एरवीही रानात, गवताळ माळावर चर खणू नये, माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात वाहून जाते.

बांध फोडायचा. हे कल्पनेनं बरोबर होतं. मुलं खालच्या बाजूच्या बांधाकडे वळली.

गाड्यांत जाऊन बसायचं. तीन गाड्या, अकरा माणसं, मागच्या जागा सामानानं भरलेल्या.

पडवीत जायचं. दुपारी हसण्यावारी नेलेला पर्याय.

तंबू उचलून वरच्या माळावर न्यायचे. अंधारात, धो-धो पावसात, म्हणजे उरलंसुरलं कोरडं सामानही भिजवायचं.

काहीच न करता पाऊस थांबायची वाट बघायची. वळीव तास-दीड तासात ओसरतो, असं गटप्रमुखाचं म्हणणं होतं. ते चुकीचं नव्हतं. पण पाऊस थांबला म्हणून खाचरातलं पाणी कुठे जाणार होतं?

या यादीत एक गोष्ट नव्हती आणि ती नव्हती याची मला आजही लाज वाटते. विजा. सव्वानऊला चार किलोमीटरवर कडाडणारी वीज मोजून झाल्यावर आम्ही अकरा जण उघड्या शेतात, उंच झाडांपासून पन्नास पावलांवर, कापडाच्या आणि कांबींच्या चार खोपटांत पाऊण तासाहून जास्त वेळ बसून होतो. तंबू विजेपासून काडीचंही संरक्षण देत नाही. चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर आलं की पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, एवढा नियम आमच्यातल्या निदान चौघांना पाठ होता. आम्ही चर्चा करत होतो ती ओल्या गाद्यांची.

काय केलं

निर्णय आम्ही घेतला असं म्हणणं खोटं होईल. तो दादांच्या घरातल्या आजींनी घेतला. बॅटरीचे झोत आणि आरडाओरडा बघून त्या पडवीच्या कडेला आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "पोरान्ला आना आधी वर! खाचरात निजतं का कुनी? पान्याचं घर हाय ते!"

दोन्ही मुलं आणि त्यांच्या आया वर गेल्या. घरातल्या वहिनींनी त्यांना पडवीत न ठेवता थेट आतल्या खोलीत चुलीपाशी बसवलं. विजांच्या दृष्टीनं तेच योग्य होतं, पडवी तिन्ही बाजूंनी उघडी. त्यांच्या मनात तेव्हा मुलांची थंडी होती.

दादा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, कुदळ खांद्यावर टाकून खाली आले. कॉलेजची मुलं खालच्या बांधावर ताटल्या मारतच होती. दादांनी त्यांना जवळजवळ ढकलूनच बाजूला केलं. कारण तेव्हा कळलं. खालच्या खाचराच्या कोपऱ्यात रोपांसाठी राब (पालापाचोळा जाळून केलेला वाफा) भाजलेला होता आणि तीनच दिवसांपूर्वी त्यावर भाताचं बी टाकलेलं होतं. खालचा बांध फुटला असता तर आमच्या खाचरातलं सगळं पाणी एका लोंढ्यात त्या बियांवरून गेलं असतं. त्या घराचं वर्षाचं रोप आम्ही स्टीलच्या ताटल्यांनी वाहून घालवणार होतो.

दादांनी आडव्या बांधाला, ओहोळाच्या बाजूला, चार घाव घातले. तिथे पाणी काढायचं तोंड दरवर्षीच असतं, उन्हाळ्यात ते बुजवलेलं असतं. दहा मिनिटांत पाणी हलताना दिसलं. अर्ध्या तासात घोट्यावरून तळव्यापर्यंत उतरलं. मग त्यांनी वरच्या खाचराचं पाणीही बाजूनं ओहोळाकडे वळवलं.

साडेबाराला पाऊस भुरभुरीवर आला. गडगडाट लांब गेला. आणखी अर्धा तास थांबून पुढचं काम काढलं. कोरड्या राहिलेल्या गोष्टी मोजल्या. अकरांपैकी चार झोपण्याच्या पिशव्या कोरड्या होत्या, त्यातल्या दोन तिसऱ्या तंबूतल्या. त्या मुलांना आणि त्यांच्या आयांना दिल्या. दोघं बाप आणि कॉलेजची दोन मुलं पडवीत, दादांनी दिलेल्या घोंगड्यांवर. उरलो आम्ही तिघं. घरातली जागा संपली होती आणि आम्हाला थोडा हट्टही होता. खळ्यावर एक तंबू लावून बघायचं ठरवलं.

या वेळी क्रम उलटा केला. आधी छत, मग तंबू. आमच्यासारख्या तंबूंत कांबी आतल्या कापडातून जातात आणि आवरण शेवटी चढतं, त्यामुळे पावसात उभारताना आतला भाग भिजतोच. म्हणून गाडीच्या टपावरच्या कॅरियरला आणि खळ्याच्या कडेला गाडलेल्या जुन्या मेढींना ताडपत्री तिरकी बांधली. वाऱ्याकडची बाजू जवळजवळ जमिनीला टेकलेली, दुसरी कमरेएवढी उंच. मधे सुतळीनं ताण दिला, नाहीतर ताडपत्रीच्या मध्यावर पाणी साचून पोट सुटतं आणि गाठी उकलतात. प्रत्येक दोरीवर, ताडपत्रीपासून हातभर अंतरावर, चिंधीची गाठ मारली, कारण पाणी दोरीवरून चालत येतं, चिंधीपाशी खाली टपकतं. मग त्या आडोशाखाली तंबू पुसून उभा केला. खुंट्या मुरमात जाईनात. दोरीचं टोक लांबट दगडाला गुंडाळलं आणि त्यावर मोठा दगड ठेवला. खालचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच राहील असं दुमडून घेतलं.

दीड वाजता आत शिरलो तेव्हा कपडे ओले, अंग ओलं, पण जमीन घट्ट होती.

दुसरी रात्र

रविवारी सकाळी परत जायचं की नाही यावर तासभर गेला. पहिल्या तंबूतलं कुटुंब निघालं, मुलीला सर्दी झाली होती. बाकीचे आठ जण थांबलो. तीन तंबू खळ्यावर आणि त्याच्या कडेला लावले. दिवसभर जे ऊन पडलं त्यात पिशव्या दगडांवर वाळवल्या.

सकाळच्या उजेडात खळं नीट बघितलं. भाताची झोडपणी करायची, दाणे वाळवायचे, म्हणून गावानं ती जागा पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली असते. आजूबाजूपेक्षा उंच, मुरमाची, पाणी चारी बाजूंना निघून जाईल अशी. पाड्यावर कोरडी जागा कोणती, हे खळ्यानं सांगितलेलंच होतं. आम्हाला वाचता आलं नाही, इतकंच.

त्या रात्री धारा नव्हत्या, पण दहापासून पहाटे चारपर्यंत एकसारखी झड लागली होती. वारा आता पश्चिमेकडून. तंबूंची दारं पूर्वेला केली होती. तळ तिन्हींचे कोरडे राहिले. तिसऱ्या, जुन्या तंबूच्या शिवणींवर मेणबत्ती घासून वर पुन्हा मेणकापड टाकलं होतं. दोन ठिकाणी थेंब आले, तिथे पेला ठेवला आणि ते झोपले.

दुसरा तंबू मात्र सकाळी पुन्हा आतून ओला! मुलांचा रागानं जीव चालला होता. एकानं तंबू टाकूनच द्यायची भाषा केली. मी त्यांना छत नीट बघायला सांगितलं. थेंब शिवणीच्या रेघेत होते का? नव्हते. सगळ्या छतावर, भिंतींवर, सारखे पसरलेले, दवासारखे. हे पावसाचं पाणी नव्हतंच, त्यांचं स्वतःचं होतं. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून साधारण अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतो, तीन जणांचं दीड लिटर. बाहेरच्या पावसानं कापड गार झालेलं, आत दमट ऊब, खिडक्या बंद. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा तंबूला आतून फुटतो. दुहेरी तंबूत हे पाणी वरच्या आवरणाच्या आतल्या बाजूला धरतं आणि ओघळून बाहेर जातं. पण त्यासाठी आवरण आतल्या कापडाला चिकटता कामा नये. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणायच्या. एकेरी तंबूत उपाय एकच, हवा खेळती ठेवायची. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी आणि वरची झडप उघडी, मग थोडी भुरभुर आत आली तरी चालेल. ओले बूट आणि जर्किनं तंबूच्या आत न्यायचीच नाहीत. ती आवरणाच्या ओसरीत किंवा गाडीत ठेवायची.

मुलांना हे ऐकून बरं वाटलं नाही. पाऊस गळतोय म्हटलं की तंबूला नावं ठेवता येतात, श्वासाला काय नावं ठेवणार?

परिणाम

कुणालाही इजा झाली नाही. मुलीची सर्दी चार दिवसांत गेली. एक कॅमेरा बंद पडला. सात झोपण्याच्या पिशव्या भिजल्या, त्यातल्या दोन घरी नेईपर्यंत कुबट झाल्या आणि तो वास अजून पूर्ण गेलेला नाही. भातकापणीपर्यंत त्या खाचराला आमच्यामुळे काही त्रास झाला का, हे दादांना दोनदा विचारलं. बांध त्यांनी सोमवारी सकाळीच पुन्हा बांधून घेतला होता, त्यात आम्ही चौघांनी माती ओढायला हात लावला. मजुरीचे म्हणून पैसे देऊ केले ते घेतले नाहीत, जेवणाचे घेतले.

पहिल्या तंबूचे मालक आजही म्हणतात की तंबूच सदोष होता. माझं मत मी वर मांडलं आहे. आणि हा तंबू दुसऱ्या रात्री खळ्यावर नव्हता, त्यामुळे पुरावा अर्धाच आहे हेही मान्य करतो. गटप्रमुखाचा मुद्दा वेगळा आहे. दुपारीच चारही तंबूंवर ताडपत्री बांधली असती तर खाचरातही रात्र निभावली असती, असं त्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या रात्री वरून आलेल्या पाण्यानं भिजलेला तंबू एकच होता, तोही थोडा.

घरी आल्यावर दोन तंबू तसेच पिशवीत राहिले. जूनच्या दमट हवेत चार दिवसांत काळे ठिपके पडले. ज्यांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये दोरी बांधून वाळत घातले त्यांचे वाचले. जुन्या तंबूचा चिकट लेपही असाच कधीतरी ओला ठेवून दिल्यानं गेला असणार.

वेगळं काय करता आलं असतं

'मागच्या शनिवारी इथेच तंबू होते' या खुणेवर आम्ही फार विसंबलो. मागच्या शनिवारी पाऊस नव्हता, एवढंच त्या खुणा सांगत होत्या.

दादांना "इथे लावू का" असं विचारणंही पुरेसं झालं नसतं, ते हो म्हणाले असते. विचारायला हवं होतं, "आषाढात इथलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं?" त्याला हो-नाही उत्तर देता येत नाही. हात करून दाखवावं लागतं. तो हात जिथून फिरतो तिथे झोपायचं नाही. पुढच्या दोन मुक्कामांत आम्ही हेच विचारलं आणि दोन्हीकडे आम्हाला आवडलेली सपाट जागा सोडावी लागली.

सव्वानऊला पहिला गडगडाट झाला तेव्हाच मुलांना घरात न्यायला हवं होतं. मुलांना वर नेलं असतं तर मोठेही अर्ध्या तासात गेले असते, आणि उरलेलं सगळं प्रकरण सामान भिजण्यापुरतं राहिलं असतं. पडवी हा पर्याय लाजेपोटी उडवून लावला, तोच रात्री चार जणांना आधार झाला. आता निघण्याआधीच ठरवतो की तंबू सोडून कुठे जायचं आणि ते कुणी सांगायचं.

ताडपत्री आणली होती, ती रात्री एकपर्यंत गाडीच्या तळाशी होती. ती सगळ्यांत वर ठेवायची, तंबूच्याही वर.

आणि खुंट्या मोजायच्या. हे आम्हाला सोमवारी निघताना कळलं. मऊ चिखलात त्या पहिल्या अर्ध्या तासातच सुटल्या होत्या, आवरणं फडफडायला लागली त्याचं एक कारण ते. सकाळी मोजल्या तर पाच लोखंडी खुंट्या कमी. ज्या खाचरात दोन-तीन आठवड्यांनी बैल चिखलणीला उतरणार होते आणि त्यामागोमाग बाया अनवाणी पायांनी आवणी, म्हणजे भातलावणी, करणार होत्या, त्याच खाचरात. आम्ही सहा जण ओळीनं, हातानं चिखल चाचपत दोन तास फिरलो. चार सापडल्या. पाचवी दादांना आवणीच्या दिवशी सापडली, बैलाच्या खुराला न लागता. त्यांनी ती खळ्याच्या मेढीत ठोकून ठेवली आहे, कंदील टांगायला.